लहान मुलाची दृष्टी : वेळेवर उपचारांचे महत्त्व

मोठ्या नेत्ररुग्णालयाच्या बालविभागात येणाऱ्या आईवडिलांना तेथील डॉक्टर अनेक प्रश्न विचारतात. गर्भारपण कसे गेले, बाळ पुऱ्या दिवसांचे होते काय, जन्माच्या वेळी त्याचे वजन किती होते, घरात आणखी कोणास डोळ्यांचा विकार आहे काय, इत्यादी. या प्रश्नांत एक प्रश्न विशेष महत्त्वाचा असतो : बाळाच्या डोळ्यांत काही वेगळे आहे, हे प्रथम कोणाच्या आणि केव्हा लक्षात आले? पुष्कळदा असे उत्तर मिळते की, आईच्या किंवा आजीच्या ते पहिल्या दोन-तीन महिन्यांतच लक्षात आले होते. रुग्णालयात आलेले मूल मात्र दोन, तीन, कधी कधी पाच वर्षांचे झालेले असते.

मधल्या काळात काय घडले, याची हकीकत बहुतेक घरांत सारखीच असते. मूल लहान आहे, मोठे झाले म्हणजे नजर आपोआप स्थिर होईल, असे शेजाऱ्यांनी सांगितलेले असते. कोणी काजळ सुचविलेले असते, कोणी मध, कोणी आईच्या दुधाचे थेंब. कोणा डॉक्टरानेही ‘पाच वर्षांचा झाल्यावर आणा, इतक्या लहान मुलाला भूल देता येत नाही,’ असा सल्ला दिलेला असतो. यांपैकी कोणाचाही हेतू वाईट नसतो. परंतु लहान मुलाच्या डोळ्यांच्या बाबतीत ‘थांबा’ हा सल्ला अनेकदा मूळ रोगापेक्षाही अधिक नुकसान करतो. असे का होते, आणि ते टाळण्यासाठी तज्ज्ञापर्यंत केव्हा व कसे पोहोचावे, हे प्रत्येक कुटुंबाने समजून घ्यावयास हवे.

पाहणे शिकावे लागते

साठ वर्षांच्या माणसास मोतीबिंदू झाला आणि त्याने तो तीन-चार वर्षे तसाच राहू दिला, तर त्या काळात त्याची गैरसोय होते. पण पुढे शस्त्रक्रिया करून भिंग बसविले की त्यास बहुधा पूर्ववत दिसू लागते. तीन महिन्यांच्या बालकाचे तसे नसते. या फरकाचे कारण डोळ्यांत नसून मेंदूत आहे.

डोळा प्रतिमा ग्रहण करतो, परंतु तिचा अर्थ मेंदू लावतो. नवजात बालकाचा मेंदू हे कार्य जन्मतः पूर्णपणे जाणत नाही. दोन्ही डोळ्यांकडून स्पष्ट प्रतिमा सतत येत राहिल्या, तरच दृष्टीशी संबंधित असलेल्या पेशींची परस्परांतील जोडणी नीट घडते. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टेन वीझेल या शास्त्रज्ञांनी अमेरिकेत १९६० च्या दशकात मांजराच्या पिलांवर केलेल्या प्रयोगांनी ही गोष्ट सिद्ध झाली. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत पिलाच्या एका डोळ्याच्या पापण्या शिवून ठेवल्या आणि पुढे त्या उघडल्या, तर डोळा निरोगी असूनही पिलाला त्या डोळ्याने नीट दिसत नसे; कारण मेंदूतील बहुतेक पेशी दुसऱ्या डोळ्याच्या ताब्यात गेलेल्या असत. पूर्ण वाढलेल्या मांजराचा डोळा तितकाच काळ बंद ठेवला, तर असे काही होत नसे. या दोघा शास्त्रज्ञांना १९८१ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

मानवी बालकाच्या बाबतीत हा शिकण्याचा काळ पहिल्या काही महिन्यांत अतिशय नाजूक असतो आणि साधारणपणे सातव्या-आठव्या वर्षापर्यंत क्रमाक्रमाने ओसरत जातो. या काळात मोतीबिंदूमुळे, तिरळेपणामुळे किंवा दोन डोळ्यांच्या चष्म्याच्या क्रमांकांत मोठा फरक असल्यामुळे एखाद्या डोळ्याकडून स्पष्ट प्रतिमा आली नाही, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करण्यास शिकतो. या अवस्थेस मंददृष्टी, वैद्यकाच्या भाषेत अँब्लिओपिया, असे म्हणतात. अशा डोळ्यास पुढे कितीही चांगला चष्मा दिला, तरी त्याने पुरेसे दिसत नाही. म्हणून बालकाच्या नेत्रोपचारात नुसता अडथळा दूर करून भागत नाही. तो वेळेच्या आत दूर करावा लागतो.

घरात दिसणारी लक्षणे

बालक तक्रार करीत नाही. आपल्याला दिसते त्याहून अधिक दिसणे शक्य आहे, हेच त्यास ठाऊक नसते. म्हणून पहिला तपासनीस घरातील माणूसच असतो, आणि बहुतेक वेळा ती आई असते.

निरोगी बालक सुमारे दीड महिन्याचे होताच आईच्या चेहऱ्याकडे पाहून हसू लागते. तीन महिने पूर्ण होईपर्यंत ते डोळ्यांसमोरून सरकणाऱ्या चेहऱ्यामागे किंवा रंगीत वस्तूमागे नजर फिरविते, आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात दिसलेली वस्तू घेण्यासाठी हात पुढे करते. तीन महिन्यांनंतरही बाळ नजरेस नजर देत नसेल, त्याचे डोळे सतत इकडून तिकडे हलत किंवा थरथरत असतील, ते एकसारखे मुठींनी डोळे दाबत असेल, तर नेत्रतज्ज्ञास दाखविणे आवश्यक आहे. पहिल्या काही आठवड्यांत डोळे मधूनच तिरपे होणे स्वाभाविक असते. परंतु एखादा डोळा सदैव तिरपाच राहत असेल, किंवा चार महिन्यांनंतरही तिरळेपणा दिसत असेल, तर तो ‘शुभलक्षण’ समजून सोडून देऊ नये.

एक साधी परीक्षा घरीही करता येते. बाळ खेळत असताना त्याचा एक डोळा तळहाताने हलकेच झाकावा, नंतर दुसरा. एक डोळा झाकल्यावर ते खेळत राहिले आणि दुसरा झाकताच रडू लागले किंवा हात दूर ढकलू लागले, तर उघड्या राहिलेल्या डोळ्याने त्यास कमी दिसत असण्याचा संभव असतो.

दोन लक्षणे मात्र अशी आहेत की, ती दिसल्यावर एक आठवडाही दवडणे योग्य नव्हे. पहिले लक्षण म्हणजे काळ्याभोर बाहुलीच्या जागी पांढरी किंवा पिवळसर चमक दिसणे. कधी ती मंद प्रकाशात दिसते. कधी झोताच्या प्रकाशात काढलेल्या छायाचित्रात एक बाहुली तांबूस आणि दुसरी पांढरी उमटते. दुसरे लक्षण म्हणजे डोळ्याचे बुबुळ नेहमीपेक्षा मोठे वा धुरकट दिसणे, डोळ्यांतून पाणी वाहणे आणि उजेड सहन न होणे. मोठे डोळे सौंदर्याचे लक्षण मानले जात असल्यामुळे या दुसऱ्या लक्षणाचे प्रथम कौतुकच होते. परंतु उजेडात डोळे मिटून घेणाऱ्या बालकाचे मोठे डोळे हे जन्मजात काचबिंदूचे चिन्ह असू शकते. त्यात डोळ्याच्या आतील द्रवाचा दाब वाढतो, बालकाचा कोवळा डोळा फुगत जातो आणि दृष्टीची नस कायमची निकामी होते. त्यावरील मुख्य उपचार शस्त्रक्रिया हाच होय. नात्यातील विवाह जेथे रूढ आहेत, अशा कुटुंबांत हा विकार अधिक आढळतो.

पांढऱ्या बाहुलीची दोन कारणे

बाहुलीतील पांढऱ्या चमकेचे एक कारण मोतीबिंदू हे होय. मोतीबिंदू हा म्हातारपणाचा रोग अशी समजूत असल्याने तान्ह्या बाळास तो होतो, यावर प्रथम कोणाचा विश्वास बसत नाही. काही बालकांत तो आनुवंशिक असतो. काहींत तो मातेला गर्भारपणाच्या प्रारंभी झालेल्या रुबेला या सौम्य वाटणाऱ्या पुरळाच्या तापामुळे होतो. हा संबंध सिडनी येथील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली प्रथम दाखवून दिला. या तापावर लस उपलब्ध असून भारतात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम २०१७ साली सुरू झाली. म्हणजे या अंधत्वाचा काही भाग आईच्या लहानपणीच टाळता येण्याजोगा आहे.

एकाच डोळ्यात दाट मोतीबिंदू असेल तर तो सुमारे सहा आठवड्यांच्या वयापर्यंत, आणि दोन्ही डोळ्यांत असेल तर आठ ते दहा आठवड्यांपर्यंत काढला जावा, असे तज्ज्ञ मानतात. लहान व अंशतः असलेल्या मोतीबिंदूवर कधी कधी नुसते लक्ष ठेवले तरी चालते. परंतु तो निर्णय तज्ज्ञाने तपासून घ्यावयाचा असतो. पाच वर्षे थांबण्याचा सल्ला आणि हे आठवडे यांतील अंतर लक्षात घेतले, म्हणजे विलंबाची किंमत कळून येते.

दुसरे कारण विरळ परंतु अधिक भयंकर आहे. रेटिनोब्लास्टोमा नावाचा कर्करोग डोळ्याच्या आतील पडद्यात, म्हणजे दृष्टिपटलात, उत्पन्न होतो. सुमारे पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एका बालकास तो होतो, आणि बहुतेक रुग्ण पाच वर्षांखालील असतात. तो डोळ्यापुरता मर्यादित असताना उपचार मिळाले, तर बहुतेक बालके वाचतात. अनेकदा औषधे, लेसर किरण इत्यादी उपायांनी डोळाही वाचविता येतो. रोग बराच पुढे गेलेला असेल, तर जीव वाचविण्यासाठी डोळा काढून टाकावा लागतो. या टप्प्यावर अनेक कुटुंबे डगमगतात. दुसरे मत घेण्यासाठी, नवस बोलण्यासाठी, नातेवाइकांना विचारण्यासाठी ते मूल घेऊन घरी परततात आणि महिन्या-दोन महिन्यांनी येतात, तेव्हा रोग डोळ्याबाहेर पसरलेला असतो. दुसरे मत जरूर घ्यावे, परंतु ते दुसऱ्या कर्करोग किंवा नेत्रतज्ज्ञाकडून आणि काही दिवसांच्या आतच घ्यावे. काढलेल्या डोळ्याच्या जागी कृत्रिम डोळा बसविता येतो. बालक शाळेत जाते, मोठे होते. या रोगात आनुवंशिकतेचा संबंध असू शकत असल्यामुळे त्याच्या भावंडांचीही तपासणी केली जाते.

अपुऱ्या दिवसांचे बाळ

वैद्यकाच्या प्रगतीने काही प्रश्न सुटतात आणि काही नवे उद्भवतात. पूर्वी आठव्या किंवा सातव्या महिन्यात जन्मलेली फार थोडी बालके जगत. आता नवजात शिशूंसाठी असलेल्या विशेष कक्षांमुळे त्यांतील पुष्कळ जगतात. परंतु त्यांच्या डोळ्यांना एक वेगळाच धोका असतो.

गर्भातील बालकाच्या दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्या साधारण सोळाव्या आठवड्यापासून मध्यापासून कडेकडे वाढू लागतात आणि पूर्ण दिवस भरताना कडेपर्यंत पोहोचतात. बालक अगोदरच जन्मले तर ही वाढ अर्ध्यावर थांबते. काही आठवड्यांनी ती पुन्हा सुरू होते तेव्हा कधी कधी वाहिन्या विकृत रीतीने वाढतात, दृष्टिपटलास ओढतात आणि शेवटी ते आपल्या जागेवरून सुटते. बॉस्टन येथील थिओडोर टेरी यांनी १९४२ साली या विकाराचे वर्णन केले. पुढे १९५१ साली मेलबर्न येथील केट कँपबेल या बालरोगतज्ज्ञ महिलेने काचपेटीत ठेवलेल्या बालकांना दिल्या जाणाऱ्या बेसुमार प्राणवायूकडे बोट दाखविले. बाळाचा जीव वाचविणारा प्राणवायूच प्रमाणाबाहेर दिला गेला तर त्याची दृष्टी हिरावून घेतो, हे वैद्यकास अशा प्रकारे कळून आले.

या विकाराचे वैशिष्ट्य असे की, प्रारंभी तो बाहेरून मुळीच दिसत नाही. बाळाचे डोळे स्वच्छ व सुंदर दिसतात. आईच्या लक्षात येते तेव्हा बाहुली पांढरी झालेली असते आणि उपचारांचा काळ निघून गेलेला असतो. म्हणून येथे लक्षणांची वाट न पाहता प्रत्येक बालकाची तपासणी करावी लागते. अमेरिकेत साधारणतः १५०० ग्रॅमपर्यंत वजनाच्या बालकांची तपासणी पुरेशी मानली जाते. भारतात त्याहून वजनदार बालकांतही हा विकार आढळत असल्यामुळे २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या सर्व बालकांचे दृष्टिपटल तपासावे, असा येथील नियम आहे. त्याहून मोठे, परंतु जन्मानंतर फार आजारी असलेले बालकही डॉक्टर तपासणीस पाठवितात. पहिली तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत व्हावयास हवी. अतिशय लहान बालकांची दोन ते तीन आठवड्यांतच करावी लागते. एका तपासणीत सर्व ठीक दिसले, तरी वाहिन्यांची वाढ पूर्ण होईपर्यंत ती पुनःपुन्हा करावी लागते. विकार बळावलेला आढळल्यास लेसरने किंवा डोळ्यात दिलेल्या इंजेक्शनाने दोन-तीन दिवसांतच उपचार करणे आवश्यक असते.

प्रत्येक तालुक्याच्या गावी दृष्टिपटलाचा तज्ज्ञ मिळणे शक्य नाही. या अडचणीवर बंगलोर येथील नारायण नेत्रालयाने २००८ साली कर्नाटकात एक मार्ग काढला. प्रशिक्षित तंत्रज्ञ नेण्याजोगा कॅमेरा घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांतील शिशुकक्षांना भेटी देतात, बालकांच्या दृष्टिपटलाची छायाचित्रे घेतात आणि ती दूर असलेला तज्ज्ञ पाहतो. तज्ज्ञ खेड्यात पोहोचत नसेल, तर त्याची नजर तेथे पोहोचविता येते, हे या उपक्रमाने दाखवून दिले.

अपुऱ्या दिवसांच्या बाळास घरी नेताना आईच्या हाती कागदांचे एक भेंडोळे दिले जाते. डोळ्यांच्या तपासणीची तारीख त्यातील एखाद्या ओळीत असते. ती ओळ मोठ्याने वाचून दाखविणे, हे रुग्णालयाचे कर्तव्य होय. आणि ती दिसली नाही तर ‘डोळे केव्हा तपासावयाचे?’ असे विचारणे, हे कुटुंबाचे.

न बोलणाऱ्या रुग्णाची तपासणी

‘एवढ्याशा मुलास अक्षरे कोठे वाचता येतात? मग त्याची नजर कशी तपासणार?’ ही शंका स्वाभाविक आहे. परंतु बालकाची नजर मोजण्याच्या पद्धती दीर्घकाळ वापरात आहेत. डोळ्यात प्रकाशाचा झोत टाकून बाहुलीतून परतणारी तांबूस चमक पाहणे, ही परीक्षा नवजात बालकाचीही एका मिनिटात करता येते. चमक नसेल किंवा दोन डोळ्यांत भिन्न असेल, तर पुढील तपासणी आवश्यक ठरते. तान्ही मुले कोऱ्या पृष्ठभागापेक्षा रेघा असलेल्या पृष्ठभागाकडे पाहणे पसंत करतात. या गोष्टीचा उपयोग करून अधिकाधिक बारीक रेघा असलेले फलक त्यांच्यापुढे धरतात, आणि बाळ कोणत्या बाजूस पाहते यावरून त्याच्या नजरेचा अंदाज बांधतात. तीन वर्षांच्या सुमारास सफरचंद, घर, चौकोन व वर्तुळ अशा चित्रांचा तक्ता वापरतात; तो फिनलंडमधील नेत्रतज्ज्ञ ली ह्युवारिनेन यांनी तयार केला आहे.

चष्म्याचा क्रमांकही बालकाने काही न सांगता काढता येतो. डोळ्यांत औषध घालून बाहुल्या मोठ्या करतात आणि प्रकाशाची तिरीप फिरवून तिच्या छायेवरून क्रमांक ठरवितात. काही बालकांची सविस्तर तपासणी भूल देऊनच करावी लागते. तान्ह्या बाळांना भूल देण्याचा अनुभव असलेले भूलतज्ज्ञ व योग्य साधने जेथे आहेत, तेथे हे काम नित्य चालते. ‘भूल देता येत नाही’ याचा खरा अर्थ ‘येथे देता येत नाही’ असा असतो. आणि तसे असेल, तर जेथे देता येते तेथे बालकास पाठविले पाहिजे.

तज्ज्ञापर्यंतचा मार्ग

भारत सरकारने १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्याच्या पहिल्या दशकांत प्रौढांच्या मोतीबिंदूवर भर होता, आणि रुग्णांच्या संख्येकडे पाहता ते योग्यही होते. परंतु प्रौढांसाठी भरविलेल्या नेत्रशिबिरात तान्ह्या बाळावर उपचार होऊ शकत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने आणि अंधत्वनिवारणाचे काम करणाऱ्या संस्थांनी १९९९ साली जो संयुक्त कार्यक्रम आखला, त्यात बालकांच्या अंधत्वास अग्रक्रम देण्यात आला आणि दर एक कोटी लोकसंख्येमागे बालनेत्रोपचाराचे एक सुसज्ज केंद्र असावे, असे उद्दिष्ट ठेवण्यात आले. अशा केंद्रात बालनेत्रतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, चष्मातज्ज्ञ, पालकांना समजावून सांगणारे समुपदेशक आणि अल्पदृष्टी असलेल्यांसाठी साहाय्य, हे सर्व एकत्र असावे लागते.

देशात अशी केंद्रे आहेत. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्रविज्ञान केंद्र १९६७ साली सुरू झाले. डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी १९७६ साली मदुराई येथे अकरा खाटांनिशी अरविंद नेत्ररुग्णालय स्थापन केले. चेन्नईचे शंकर नेत्रालय १९७८ मध्ये, तर हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था १९८७ मध्ये उभी राहिली. यांशिवाय अनेक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत आणि धर्मादाय रुग्णालयांतही बालनेत्रविभाग आहेत.

गावातील कुटुंबास तेथवर नेणारा मार्गही शासनाने आखला आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींतील जन्मजात व्यंगे, रोग, पोषणातील उणिवा आणि वाढीतील विलंब शोधून काढणे, हा त्याचा हेतू आहे. जन्मजात मोतीबिंदू आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा दृष्टिपटलविकार यांचा त्यात समावेश आहे. डॉक्टर असलेली फिरती आरोग्य पथके वर्षातून दोनदा अंगणवाड्यांना आणि एकदा शाळांना भेट देतात. आढळलेल्या बालकास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे आणि तेथून आवश्यकतेनुसार मोठ्या रुग्णालयाकडे पाठविले जाते. हे उपचार विनामूल्य असतात. मात्र पथकाची भेट सहा महिन्यांनी येते, आणि पांढरी बाहुली सहा महिने थांबू शकत नाही. म्हणून लक्षण दिसताच आशा कार्यकर्ती किंवा परिचारिका यांच्याकडून चिठ्ठी घेऊन थेट जिल्हा रुग्णालय गाठावे.

उपचार विनामूल्य असले, तरी प्रवास विनामूल्य नसतो. बापाची रोजची मजुरी बुडते, घरी राहिलेल्या भावंडांना कोणी सांभाळावे हा प्रश्न पडतो, अनोळखी शहरात भाषा कळत नाही. मुलगी असेल तर विलंब अधिक होतो. शस्त्रक्रियेसाठी आणल्या जाणाऱ्या बालकांत मुलींचे प्रमाण मुलांहून कमी असल्याचे भारतातील अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. कुटुंबाला केवळ ‘शहरात जा’ असे सांगणे म्हणूनच पुरेसे नसते. कोणत्या रुग्णालयात, कोणत्या विभागात, कोणत्या वारी जावयाचे, हे चिठ्ठीवर लिहून दिले, तर एक फेरी वाचते. आणि कधी कधी तीच एक फेरी निर्णायक ठरते.

जाताना बाळाच्या जन्माच्या वेळचे कागद, लसीकरणाचे पत्रक, पूर्वी दिलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि जुनी छायाचित्रे बरोबर न्यावीत. डॉक्टरांस संकोच न करता चार प्रश्न विचारावेत : विकाराचे नाव काय, तो एका डोळ्यात आहे की दोन्ही, उपचारास जास्तीत जास्त किती दिवसांचा अवधी आहे, आणि पुन्हा केव्हा यावयाचे. तोपर्यंत डोळ्यांत घरगुती औषध घालू नये. मध, वनस्पतींचे रस, काजळ यांमुळे जंतुसंसर्ग होऊन बुबुळावर कायमचे फूल पडू शकते. डोळे लाल होतात म्हणून दुकानातून आणलेले स्टेरॉइडयुक्त थेंब महिनोन्‌महिने घालणे, हेही काचबिंदूस निमंत्रण ठरते.

शस्त्रक्रियेनंतरची वर्षे

शस्त्रक्रिया यशस्वी झाली की उपचार संपले, अशी समजूत प्रौढांच्या अनुभवावरून रूढ झालेली आहे. बालकाच्या बाबतीत मात्र खरे काम त्यानंतर सुरू होते. तान्ह्या बाळाच्या डोळ्यात कृत्रिम भिंग नेहमीच लगेच बसविले जात नाही. अशा वेळी त्यास जाड भिंगांचा चष्मा किंवा स्पर्शभिंग द्यावे लागते. डोळा वाढत असल्यामुळे क्रमांक बदलत राहतो. चष्मा फुटतो, हरवतो, लहान पडतो. या काळात तो महिनाभर नसला, तर मेंदूचे शिक्षणही महिनाभर बंद पडते.

मंददृष्टीवरील उपचार तर संपूर्णपणे घरातच होतात. दुर्बल डोळ्यास कामाला लावण्यासाठी चांगल्या डोळ्यावर रोज ठरावीक तास पट्टी लावावी लागते. ‘चांगला डोळा झाकून मुलाला आंधळे का करता?’ असे आजी विचारते, मूल पट्टी ओढून काढते, शाळेत मुले हसतात. आईने मात्र रोज ती पुन्हा लावावयाची असते. पट्टी लावण्याच्या वेळी चित्रे रंगविणे, मणी ओवणे, तांदूळ निवडणे असे बारीक नजरेचे काम दिले, तर मूल रमते. किती तास पट्टी ठेवावयाची, हे डॉक्टरच ठरवितात. ते मनाने वाढविणे किंवा कमी करणे योग्य नव्हे. मोतीबिंदू काढलेल्या बालकास पुढे अनेक वर्षांनीही काचबिंदू होण्याचा संभव असल्यामुळे त्याची नियमित तपासणी मोठेपणीही चालू ठेवावी लागते.

उशीर झाला असेल तर

ज्यांच्या घरी उशीर झालेला आहे, त्यांनी हे वाचून निराश होण्याचे कारण नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञ पवन सिन्हा यांनी ‘प्रकाश’ या प्रकल्पाद्वारे भारतातील जन्मांध मुलांना शस्त्रक्रियेची सोय करून दिली आणि त्यांच्या दृष्टीचा अभ्यास केला. आठ-दहा वर्षांनंतर, कधी त्याहूनही उशिरा, उपचार झालेली मुले काही महिन्यांत वस्तू व चेहरे ओळखू लागली. त्यांची नजर पूर्ण झाली नाही. परंतु स्वतंत्रपणे वावरण्यापुरती, एखाद्या वेळी अधिकही, दृष्टी त्यांना लाभली. म्हणून लवकर येणे सर्वोत्तम, आणि उशिरा येणे न येण्यापेक्षा पुष्कळ बरे.

काही बालकांची दृष्टी कोणत्याही उपचाराने येत नाही. जन्माच्या वेळी प्राणवायू न मिळाल्याने मेंदूस इजा झालेल्या बालकाचे डोळे निरोगी असूनही त्यास नीट दिसत नाही. अशा वेळीही तज्ज्ञाकडे जाणे व्यर्थ नसते. उरलेल्या दृष्टीचा उपयोग कसा करावा, ठळक रंगांच्या वस्तू, योग्य प्रकाश व भिंगे यांचे साहाय्य कसे घ्यावे, स्पर्श व आवाज यांच्या आधारे बालकास बसणे, रांगणे, चालणे कसे शिकवावे, हे तेथे सांगितले जाते. न दिसणारे मूल कोपऱ्यात बसवून ठेवले, तर त्याचे हातपाय व भाषाही मागे पडतात. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने अंध आणि अल्पदृष्टी अशा दोन्ही मुलांस शिक्षणाचा हक्क दिलेला आहे. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र नेत्रतपासणीनंतरच मिळते. डेहराडून येथील राष्ट्रीय संस्था आणि देशातील अनेक अंधशाळा या कामी मार्गदर्शन करतात.

बालकाच्या डोळ्यांत काही वेगळे आहे, हे आईस प्रथम दिसते, आणि बहुधा ते बरोबर असते. तिचे म्हणणे मनावर घेतले जाणे, हा या सर्व उपचारांतील पहिला टप्पा होय. डॉक्टर, परिचारिका, अंगणवाडी सेविका आणि घरातील वडीलधारी मंडळी यांनी त्या वेळी ‘थांबू या’ असे न म्हणता ‘उद्याच दाखवू या’ असे म्हटले, तर अनेक मुलांची दृष्टी वाचेल.